लयीचा धनी कोण?

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जातांना, आंबा घाट उतरून कोंकणांत शिरण्यापूर्वीं मलकापूर लागतें. विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचें हें एके काळचें मुख्य ठाणें. आजच्या शाहूवाडी तालुक्यांतील हें एक बाजारपेठेचें गांव. अशा गांवीं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एकादशीच्या रात्रीं देवळांत भजन उभें राहतें. तें सुरू होतें संथ. बुवा अभंगाचें पहिलें चरण आळवीत असतात, पखवाजावर हात हलका पडत असतो, टाळकरी टाळ नुसते मिटवीत असतात. घटकाभरानें पाहावें तों लय दुपटीवर गेलेली असते, आणि ती कोणीं वाढविली हें कोणालाच सांगतां येत नाहीं. पखवाजी म्हणेल, बुवांनीं ओढली; बुवा म्हणतील, टाळकऱ्यांनीं ढकलली; टाळकरी हंसून पखवाज्याकडे बोट दाखवितील. तिघांचेंहि म्हणणें खरें असतें.

आतां अशाच एखाद्या मंडळाला आपलें भजन घरच्या घरीं मुद्रित करून ठेवावें असें वाटलें, तर बाजारांत त्यासाठीं वीतभर लांबीचें एक यंत्र मिळतें. त्याला डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणतात. पखवाज एका पट्टीवर, हार्मोनियम दुसऱ्या पट्टीवर, बुवांचा गळा तिसऱ्या पट्टीवर असे आवाज त्यांत अलग अलग टिपतां येतात, आणि ते एकाच दिवशीं टिपले पाहिजेत असेंहि नाहीं. पखवाज आज, गाणें उद्यां, टाळ परवां. परंतु हें यंत्र नवें गाणें उघडतांक्षणींच एक प्रश्न विचारतें : मिनिटाला ठोके किती? आंकडा दिला कीं त्याच्या पोटांतला मेट्रोनोम टिकटिक करूं लागतो. बुवांनीं अद्याप तोंड उघडलेलें नसतें आणि लय ठरून गेलेली असते.

गाणाऱ्याच्या आधीं लय ठरविण्याचा हा अधिकार यंत्राकडे कसा आला, ही कथा बरीच जुनी आहे, आणि तिच्यांतील एक प्रकरण खुद्द कोल्हापुरांत घडलेलें आहे.

काल मोजण्याची आपल्याकडील प्राचीन रीत माणसाच्या देहाशीं बांधलेली होती. भरताच्या नाट्यशास्त्रांत पांच निमेषांची एक मात्रा सांगितली आहे. निमेष म्हणजे पापणी लवण्याचा काळ. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचिला. त्यांत मार्गतालांच्या मात्रेचें माप पांच लघु अक्षरांच्या उच्चारास लागणारा काळ असें दिलें आहे. हा शार्ङ्गदेव सिंघण राजाच्या पदरीं हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. ज्याचा दिवस जमाखर्चाच्या आंकड्यांत जाई, त्या गृहस्थानें तालाध्यायांत १२० देशी तालांची मोजदाद करावी हें साहजिकच आहे. नवल वाटतें तें हें कीं, मात्रेचें माप मात्र त्यानें घटिकापात्राला न विचारतां गळ्याला विचारलें. पांच अक्षरें एक माणूस सावकाश म्हणेल, दुसरा भराभर म्हणेल. तेव्हां देवगिरीची मात्रा आणि करवीरची मात्रा तंतोतंत सारखी भरावी असें मुळींच नव्हतें. तशी गरजहि नव्हती. जे एकत्र गात ते एकत्र बसत, आणि जे एकत्र बसत त्यांना एकमेकांचे हात दिसत.

समोर नसलेल्या माणसाची लय कळली पाहिजे, ही गरज आधीं युरोपांत उत्पन्न झाली. कारण तेथील संगीत कागदावर लिहून, छापून, शेंकडों कोस दूर विकलें जाई. रचनाकार व्हिएन्नांत आणि वाजविणारा लंडनमध्यें. 'जलद' असें कागदावर लिहिलें तरी किती जलद? लंबकाचें घड्याळ हायगेन्सनें १६५६ सालीं तयार केलें होतें, आणि लंबक बांधून मात्रा मोजण्याचे प्रयोग त्या शतकाच्या अखेरीसच झाले होते. अडचण लांबीची होती. एका सेकंदाला एक हेलकावा देणारा साधा लंबक सुमारें एक मीटर लांब लागतो. मिनिटाला ४० ठोक्यांची संथ लय हवी तर तो सव्वादोन मीटर लांब करावा लागतो, म्हणजे माणसाच्या उंचीहूनहि अधिक. ही अडचण अॅम्स्टरडॅम येथील विंकेल नांवाच्या कारागिरानें १८१४ सालीं सोडविली. त्यानें दांडीच्या खिळ्याखालीं एक वजन ठेविलें आणि खिळ्याच्या वर दुसरें सरकतें वजन बसविलें. दोन्ही वजनें एकमेकांस अडवितात, म्हणून वीतभर दांडीसुद्धां संथ डुलूं शकते. वरचें वजन खालीं आणावें तशी ती जलद होते. मेल्त्सेल नांवाच्या दुसऱ्या एका गृहस्थानें हें यंत्र पाहिलें, त्यावर आंकड्यांची पट्टी चढविली, त्याला मेट्रोनोम हें नांव दिलें आणि १८१५ सालीं स्वतःच्या नांवानें हक्कहि नोंदवून घेतला. डोकें विंकेलचें आणि नांव मेल्त्सेलचें, असा हा व्यवहार झाला.

याच मेल्त्सेलनें बीथोव्हेनसाठीं कानाला लावण्याच्या नळ्या तयार केल्या होत्या. ज्याला स्वतःचें संगीत ऐकूं येणें बंद होत चाललें होतें त्या बीथोव्हेननें १८१७ सालीं आपल्या आठ सिंफनींसाठीं मेट्रोनोमचे आंकडे छापून प्रसिद्ध केले. पण त्यांतले कांहीं आंकडे, तसाच पुढें एका मोठ्या पियानो-सोनाटावर त्यानें घातलेला १३८ चा आंकडा, इतके जलद आहेत कीं वाजविणारे त्यावर अद्याप भांडत आहेत. कोणी म्हणतो यंत्र बिघडलेलें होतें, कोणी म्हणतो पट्टी वाचण्यांत चूक झाली, कोणी म्हणतो त्याला तसेंच हवें होतें. आंकडा बिनचूक पोंचला. लय पोंचली कीं नाहीं, याचा निकाल दोनशें वर्षांत लागलेला नाहीं.

आपल्याकडील मैफलींत या यंत्राला जागा नव्हती, आणि त्याचें कारण अडाणीपण नव्हे. ख्याल गातांना तबलजी ठेका धरतो आणि गायक त्यावर खेळतो. तेथें धनी तबला. तोच तबलजी स्वतंत्र वादनास बसला कीं हार्मोनियम किंवा सारंगी तालाच्या एका आवर्तनाएवढा लहरा पुनःपुन्हां वाजवीत राहते, आणि तबलजी त्यावर खेळतो. तेथें धनी हार्मोनियम. कोल्हापूर दरबारीं राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्यांत तर स्वर आणि लय यांची वीण इतकी घट्ट कीं तानेंतील प्रत्येक पेंच मात्रेच्या आधारानेंच पुढें सरकतो. मालकी अशी हातोहात फिरत असते. शिवाय बडा ख्याल जेथें सुरू होतो त्याच लयींत संपत नाहीं. ती नकळत वाढते, आणि ती नकळत वाढावी यांतच कसब आहे.

मग यंत्र आलें कोठून? तें सिनेमाच्या दारानें आलें.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. आरंभीं मूकपट निघत. मूकपटाची लय ही हाताची लय होती. कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत, आणि चित्रगृहांत पडद्यापाशीं बसलेला पेटीवाला व तबलजी चित्राकडे पाहून वाजवीत. चित्र थोडें धांवलें तर वाजविणारेहि धांवत. १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस 'आलमआरा' झळकला आणि हा सैलपणा एकदम संपला. बोलपटाची फीत सेकंदाला बरोबर २४ चित्रें या गतीनें गेली पाहिजे. ती २५ नें गेली तर डोळ्याला कांहीं कळत नाहीं, पण गाणाऱ्याचा षड्ज कोमल रिषभाच्या जवळ जाऊन बसतो. डोळा क्षमा करतो, कान करीत नाहीं. हाताच्या जागीं मोटर आली ती या कानासाठीं.

प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ सालीं मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच. तारामती दुर्गाबाई खोटे. ध्वनिमुद्रणाची बाजू दामले यांनीं सांभाळली. पार्श्वगायन हा प्रकार तेव्हां हिंदुस्थानांत आलेला नव्हता. जो नट दिसे तोच गाई, आणि ज्या क्षणीं दिसे त्याच क्षणीं गाई. साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दडून वाजवीत. मायक्रोफोन नटाला जवळ हवा आणि चित्रांत तर दिसतां कामा नये. तबला ऐकूं यावा पण गळ्यावर चढूं नये. एकाची चूक झाली कीं सर्वांनीं पुन्हां आरंभापासून. या कष्टांची कल्पना आज येणें कठीण आहे. परंतु एक गोष्ट त्यांत शाबूत होती. गायक, वादक, कॅमेरा आणि ध्वनियंत्र हे चौघे एकाच वेळीं एकाच जागीं हजर असत. लयीचा धनी गाणारा नट होता. टेंब्यांसारखा मुरलेला पेटीवादक स्वतःच गात असल्यावर त्याला ठोका कोण देणार? यंत्रांकडे काम एवढेंच कीं त्यांनीं चित्राची आणि आवाजाची गति एक राखावी. जेथें चित्र एका फितीवर आणि आवाज दुसऱ्या फितीवर घेत, तेथें दोन्ही मोटरी विजेच्या जोरावर एकमेकींशीं जखडलेल्या असत, आणि आरंभीं लांकडी फळी आपटून दोन्ही फितींवर एकाच क्षणाची खूण करून ठेवीत. फळी मिटतांना दिसते तो क्षण आणि 'टक्' ऐकूं येतो तो क्षण जुळविला कीं पुढचें सगळें जुळे. संगीताच्या भाषेंत बोलावयाचें तर ती फळी म्हणजे सम आणि मोटरी म्हणजे मात्रा. दोन्हींची गरज वेगळी आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण पुढें पन्नास वर्षांनीं जपानी व अमेरिकन कारागिरांना तोच भेद पुन्हां करावा लागला.

प्रभात कंपनी १९३३ सालीं पुण्यास गेली. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें 'भाग्यचक्र' या बंगाली व 'धूपछांव' या हिंदी चित्रपटांत गाणें आधीं मुद्रित करून चित्र मागाहून घेतलें. पार्श्वगायनाची ही सुरुवात. सोय मोठी झाली. आणि त्याचबरोबर, फारसा गाजावाजा न होतां, मालकी बदलली. गाणें आतां अगोदरच ठरलेलें होतें. नटीनें लय पाळावयाची, ठरवावयाची नाहीं. ती सुद्धां कर्ण्यांतून येणाऱ्या आवाजावर, आणि तो आवाज हवेंतून येण्यास वेळ लागतो : कर्णा चौदा मीटरांवर असला तर बरोबर एका चित्राइतका, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागाइतका उशीर. ओंठ आणि शब्द यांची फारकत बऱ्याच वेळां नटीच्या आळसामुळें होत नसून हवेमुळें होत असे.

प्रभातच्याच इतिहासांत या टिकटिकीला एक निराळें स्थान मिळालेलें आहे. 'कुंकू' हा १९३७ सालचा बोलपट जरठ-बाला विवाहावरचा. त्यांत पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलें असून, प्रसंगांत स्वभावतःच असणारे आवाज तेवढे ठेविले आहेत. काकासाहेबांच्या घरांतील लंबकाचें घड्याळ हें त्या चित्रांत एक पात्रच होऊन बसलें आहे. इतर सर्व ठिकाणीं संगीताच्या सेवेस लावलेली टिकटिक तेथें एकटीच वाजते, आणि ती ऐकून माणसाच्या अंगावर कांटा येतो.

तिकडे अमेरिकेंत व्यंगचित्रपट काढणाऱ्यांनीं याच टिकटिकीचा तिसरा उपयोग शोधून काढला. डिस्नेच्या कारखान्यांत १९२८ सालीं 'स्टीमबोट विली' तयार होतांना चित्रें काढणाऱ्यांनीं मेट्रोनोम समोर ठेवून आराखडा बांधला. हिशेब सोपा आहे. सेकंदाला २४ चित्रें. दर १२ चित्रांना एक ठोका दिला कीं मिनिटाला १२० ठोके होतात, दर १८ चित्रांना दिला कीं ८० होतात. पुढें फितीवर ठराविक अंतरानें खुणा करून तो 'टक् टक्' वादकांच्या कानांत सोडण्याची पद्धति निघाली. हाच क्लिक ट्रॅक. वाजविणाऱ्यांनीं चित्र पाहण्याचें कारण उरलें नाहीं. एकमेकांकडे पाहण्याचेंहि फारसें उरलें नाहीं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत ही पद्धति ताबडतोब राज्य करूं लागली असें मात्र नव्हे. तेथें गोव्याकडून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वाद्यमेळ बांधणारे लोक होते. ते स्वरलिपि लिहीत, वादकांपुढें उभे राहून हातानें इशारे करीत. साठ-सत्तर माणसें एका खोलींत श्वास धरून बसत आणि संचालकाच्या मनगटाकडे पाहत. कोल्हापुरांत जन्मलेल्या सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवरून वर्षभर दर आठवड्यास गाजलें, तेंहि हाताच्या साथीवर.

एकत्र बसण्याचें बंधन खऱ्या अर्थानें तोडलें तें चुंबकीय फितीनें. एकाच रुंद फितीवर शेजारीं शेजारीं अनेक पट्ट्या आखून प्रत्येकीवर निराळा आवाज घेतां येतो. यांत एक मौजेची अडचण आली. फितीवर आवाज लिहिणारें डोकें पुढें असतें आणि वाचणारें डोकें त्याच्या मागें चार-पांच सेंटिमीटरांवर असतें. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर जात असली तर जुना आवाज ऐकून नवा भरणाऱ्याला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर घडे. अॅम्पेक्स कंपनीनें लिहिणाऱ्या डोक्याकडूनच वाचनाचेंहि काम करवून हा दोष काढला, आणि लेस पॉल या गिटारवादकाकडे १९५७ सालीं आठ पट्ट्यांचें यंत्र पोंचलें. एकटा माणूस आतां स्वतःचीच साथ करूं शकत होता. मंगळवारच्या स्वतःबरोबर सोमवारचा स्वतः. अशा वेळीं लयीचा धनी सोमवार.

याच सुमारास आणि पुढें, विजेवर सूर व ताल निर्माण करणारीं वाद्यें निघालीं. एका कंपनीचें वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशीं बोलेना. प्रत्येकाची तार वेगळी, भाषा वेगळी. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ आणि जपानांतील इकुतारो काकेहाशी यांनीं पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा ठरविली, तिचें नांव मिडी. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका व्यापारी प्रदर्शनांत अमेरिकन प्रॉफेट-६०० आणि जपानी जुपिटर-६ हीं दोन वाद्यें एका तारेनें जोडलीं, आणि एकाच्या पट्ट्या दाबल्या असतां दुसरें वाजूं लागलें. काकेहाशी यांनीं ऐन तारुण्यांत, महायुद्धानंतरच्या हलाखींत, घड्याळदुरुस्तीचें दुकान चालविलें होतें. ज्यानें घड्याळें सोडून वाद्यें धरलीं त्याच्या हातून वाद्यांना घड्याळ मिळावें, हा योग चांगला जमला आहे.

मिडीच्या या घड्याळाची रीत अशी. अनेक यंत्रांपैकीं एक धनी ठरतें आणि बाकीचीं त्याचीं चाकर. व्यवहारांतहि बराच काळ हेच शब्द रूढ होते. धनी एका मात्रेस २४ सूक्ष्म ठोके तारेवरून पाठवितो. चाकर ते मोजतो. भराभर आले तर तो जलद होतो, सावकाश आले तर संथ होतो. मिनिटाला ६० मात्रांची लय असली तर सेकंदाला २४ ठोके पडतात, म्हणजे बोलपटाच्या चित्रांइतकेच. हा योगायोग आहे, पण प्रभातच्या जुन्या मंडळींना तो ओळखीचा वाटला असता. आणखी ध्यानांत येईल तें असें कीं, हे ठोके नुसते ठोके असतात. त्यांना क्रमांक नसतो. मधूनच सामील झालेल्या चाकराला किती जलद जावयाचें तें कळतें, पण आपण कोठें आहों तें कळत नाहीं. मात्रा कळते, सम कळत नाहीं. म्हणून 'आरंभ', 'थांब', 'पुढें चालूं दे' असे वेगळे हुकूम ठेवावे लागले, आणि दर सहा ठोक्यांना एक या हिशेबानें आरंभापासूनचें स्थान सांगणारा आणखी एक निरोप ठेवावा लागला. फळी आणि मोटर यांचाच हा नवा अवतार. शिवाय तास, मिनिट, सेकंद आणि चित्रसंख्या सांगणारी दुसरी एक कालखूण चित्रपटवाल्यांकडून आली व मिडीनेंहि ती उचलली. ती भिंतीवरच्या घड्याळासारखी आहे : किती वाजले तें सांगते, लय कोणती तें सांगत नाहीं.

एकाच वेळीं बटन दाबून दोन यंत्रें सुरू केलीं तर हा सगळा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. दोन्ही यंत्रांत स्फटिकाचें घड्याळ असतें, पण दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. लाखांत दोनच भागांचा फरक धरला तरी तासाभरांत सेकंदाच्या शंभर भागांपैकीं सात भाग अंतर पडतें. टाळाच्या आघातांत तेवढें अंतर पडलें तर एका टाळाचे दोन टाळ ऐकूं येतात.

आतां २४ या आंकड्याविषयीं. त्याला २, ३, ४, ६, ८, १२ यांनीं भाग जातो. पाश्चात्य नाचगाण्याला एवढें पुरतें. आपल्याकडील दुगण, तिगण, चौगण त्यांत सुखानें बसतात. दोन मात्रांत तीन, ही आडहि बसते, कारण ४८ ठोक्यांचे १६-१६ चे तीन भाग होतात. परंतु चार मात्रांच्या जागेंत पांच घ्यावयाचे तर ९६ ला पांचानें भाग जात नाहीं; सात घ्यावयाचे तर सातानेंहि जात नाहीं. पखवाजी ज्या लयकारीवर टाळ्या घेतो तिची सम यंत्राच्या खुणेवर येते, मधले बोल मात्र खुणांच्या फटींत पडतात. ऐकतांना यानें बिघडत नाहीं. पण जुळवाजुळव करणाऱ्या एखाद्यानें 'सर्व आघात जवळच्या खुणेवर ओढ' असें बटन दाबलें, कीं पांचाचें कसब सपाट होऊन जातें. तीच गोष्ट मेट्रोनोमच्या घंटेची. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर तो जोराचा ठोका देतो, कारण त्याच्या देशीं पहिली मात्रा नेहमीं भरींव असते. आपल्या सात मात्रांच्या रूपकाची सम खालीवर येते. तेथें तबल्याचा बांया मुका असतो आणि नेमकें तेथेंच हें यंत्र घंटा वाजवितें. झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन या चालीचा तर त्याला पत्ताच नसतो. तें दहा मोजतें आणि पुन्हां दहा मोजतें. बंगळूरच्या रॅडेल कंपनीसारख्यांनीं तबल्याचे खरे बोल वाजविणारीं यंत्रें काढलीं, तीं रियाजाला बसणाऱ्या हजारों विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडलीं, कारण त्यांना खाली कळते. मात्र विद्यार्थ्याची तान अर्धी मात्रा लांबली असतां सांभाळून घेणें त्यांना कळत नाहीं.

मुंबईंत १९९० नंतरच्या काळांत तालाचा मोठा भाग यंत्रांवर आधींच रचला जाऊं लागला आणि साठ-सत्तर वादकांच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. ढोलक, तबला, कोंगो वाजविणाऱ्यांना बोलावणें येई तें आठ मात्रांचा एक तुकडा वाजवून जाण्यापुरतें. तोच तुकडा यंत्र गाणेंभर फिरवी. ज्यांचें पोट मनगटावर होतें त्यांच्या दृष्टीनें लयीचा धनी कोण, हा प्रश्न तात्त्विक नव्हता.

आतां मलकापूरच्या भजनाकडे वळूं. रेकॉर्डरनें विचारलेल्या आंकड्याला उत्तर म्हणून ९० सांगितलें आणि टिकटिक सुरू करून बुवांना गावयास लाविलें, तर काय होतें? भजन ९० वर सुरू होतें आणि ९० वरच संपतें. सूर बरोबर, ताल बरोबर, आणि गजर कांहीं चढत नाहीं. टिकटिक जर कानांतल्या यंत्रांतून न देतां कर्ण्यांतून दिली असेल तर ती मायक्रोफोनांत शिरून अभंगाच्या ओळींमधून ऐकूं येत राहते, ती वेगळीच.

दुसरी वाट अशी आहे. टिकटिक मुळींच लावूं नये. पखवाज, टाळ आणि बुवांचा गळा हे तिघे नेहमींप्रमाणें समोरासमोर बसवून, तीन पट्ट्यांवर पण एकाच वेळीं टिपावेत. हार्मोनियमचे जास्तीचे सूर, कोरसाचे आवाज हे मागाहून त्यांच्यावर चढवावेत. मिडीवर चालणारें एखादें वाद्य जोडावयाचेंच असेल, तर रेकॉर्डरला धनी करावें आणि त्या वाद्याला चाकर. कारण एकदां टिपलेला माणसाचा गळा न बिघडवितां फारसा ताणतां येत नाहीं, यंत्राला मात्र वाटेल तसें ताणतां येतें. आणि रेकॉर्डरला लय शिकवावी ती झालेल्या भजनावरून. बऱ्याच यंत्रांत लयीचा नकाशा ठेवण्याची सोय असते : अमुक आवर्तनाला ७२, पुढच्याला ७४, गजराच्या तोंडाशीं ११०, शेवटीं १५०. तो नकाशा भरावयास एक माणूस लागतो. कानांवर भजन ऐकत, आवर्तनामागून आवर्तन, जेथें सम येईल तेथें त्यानें बटन दाबीत जावें. एका वीस मिनिटांच्या भजनाला असे शेंकडों दाब होतात. पहिल्या खेपेस गजराच्या आसपास हात चुकतो, कारण तेथें पोंचेपर्यंत बटन दाबणारा स्वतःच डोलूं लागलेला असतो. तेवढा भाग पुन्हां करावा लागतो.